शून्यावर न येणारा खटक्या

मित्रांनो, मला शून्यावर आणायचा प्रयत्न करू नका. मी येत नाही.

एका मोठ्या साहेबांनी करून पाहिला. भांडारातल्या कारकुनाने तर पक्कड लावून पाहिली. मी आलो नाही आणि येणारही नाही.

आता ओळख. मी एक जुना खटक्या आहे, म्हणजे मोजणीचं यंत्र. मुठीत मावणारा, गोल पोटाचा, पत्र्याचा. माझ्या तोंडावर चार छोट्या खिडक्या आहेत आणि प्रत्येक खिडकीत एकेक आकडा बसलेला असतो. डोक्यावर एक दांडी आहे. ती अंगठ्याने दाबली की मी 'खट्' म्हणतो आणि माझा आकडा एकाने वाढतो. बस्स, मला एवढंच येतं. वजाबाकी येत नाही. माझ्या उजव्या कुशीत एक किल्ली होती. ती फिरवली की चारही खिडक्यांत शून्य यायचं. 'होती' म्हणालो, ते नीट ऐका. आता तिथे नुसतं भोक आहे.

माझा आकडा किती, ते मी सांगणार नाही. सांगितला की तुम्ही म्हणाल, "बाप रे, एवढे?" नाहीतर म्हणाल, "एवढेच होय?" दोन्ही ऐकून मला कंटाळा आला आहे.

सध्या मी ताईच्या शिवणकामाच्या दुकानात, दाराजवळच्या खुंटीला टांगलेला आहे. दार दिवसभर उघडं असतं. कोणीही येतं, मला दाबतं आणि जातं. त्यामुळे बोलता बोलता मी मधेच ओरडलो तर दचकू नका. माझं एखादं वाक्य अर्धवट राहिलं तरी

खट्.

हे असं. ही शेजारच्या दवाखान्यातली नर्स.

"काय गं, कुठे?" ताईने यंत्रावरची मान वर न करता विचारलं.

"वळणावर पाण्याचा टँकर लावलाय कुणीतरी. त्याच्या आडून स्कूटर आली ती थेट अंगावर. काही झालं नाही म्हणा."

"दाबलंस ना? मग झालं. जा आता, तुझी ड्यूटी सुरू होईल."

ते वाक्य राहिलं ते राहिलं. पुढे जाऊ.

अशा गोष्टीत आधी जन्म सांगायचा असतो म्हणे. भट्टी, हातोडा, घाम, मग पहिलं कौतुक. मला माझा जन्म आठवत नाही. तुम्हाला तुमचा आठवतो का? मला आठवतं ते एका बाईचं बोट. कारखान्यात शेवटच्या बाकावर बसून ती नव्या खटक्यांना दाबून बघायची. जो अडकेल तो टोपलीत. मला ती दाबत राहिली, दाबत राहिली, आणि शेजारणीला म्हणाली, "हा मेला हट्टी दिसतोय. जाऊ दे याला." त्यानंतर बरीच वर्षं मला कोणी त्याहून चांगलं काही म्हणालं नाही.

आधी मी एका नाट्यगृहाच्या दारावर होतो. आत येणारा प्रत्येक माणूस म्हणजे एक खुर्ची. मग मी रस्त्यांच्या कार्यालयात आलो. तिथे गाड्या मोजायच्या. गाड्या जास्त निघाल्या की रस्ता रुंद करायचा. रस्ता रुंद झाला की गाड्या वाढायच्या. मग पुन्हा मला बाहेर काढायचे. या कामाला शेवट नव्हता, आणि खरं सांगायचं तर अर्थही नव्हता. मग मी काकांच्या मुठीत गेलो.

काका म्हणजे कार्यालयातले सगळ्यात जुने मोजणीदार. रस्ता सुरक्षित आहे की नाही हे ठरवायची कार्यालयात एकच रीत होती. कुठे किती माणसं मेली ते बघायचं. जिथे मेली ती जागा धोक्याची, तिचं नाव यादीत. जिथे कोणी मेलं नाही ती जागा चांगली. काकांना ही रीत मुळीच पटत नव्हती. "म्हणजे आधी कोणीतरी मरून दाखवायचं," ते म्हणायचे, "आणि मग आपण फीत घेऊन धावत जायचं."

त्यांना दुसरी रीत ठाऊक होती. कुठल्याशा प्रशिक्षणात शिकवली होती. बाकीचे सगळे तिथून जेवणाच्या सुट्टीत पसार झाले होते, काका तेवढे थांबले होते. ही रीत झालेले अपघात मोजत नाही. होता होता राहिलेले मोजते.

धाकटी नोकरीला लागली तेव्हा काकांनी तिला ही रीत शिकवायची ठरवलं. तिला मी धाकटी म्हणतो, कारण तिची ताई तिला 'धाकटे' अशी हाक मारते आणि मला तीच हाक आवडते. कार्यालयाच्या मागच्या अंगणात शिपाई सायकल घेऊन यायचा आणि धाकटी त्याच्या आडवी जायची. शिपाई या कामावर बेहद्द खूश होता.

"मॅडम, आज धडकू का?"

"धडकायचं नाही रे बाबा," काका ओरडायचे, "धडकता धडकता राहायचं!"

सायकलचा ब्रेक किंचाळला.

"सांग पोरी, हा मोजायचा?"

"मोजायचा. केवढा आवाज झाला!"

"त्याच्या ब्रेकला तेल नाही. तो भिंत बघूनही किंचाळतो. कानाने दाबू नकोस, डोळ्याने दाब." मग काकांनी दोन प्रश्न सांगितले. दोघं होते तसेच चालत राहिले असते तर आदळले असते का? नसते, तर सोडून द्यायचं. असते, तर दुसरा प्रश्न. ज्या क्षणी एकाने ब्रेक दाबला किंवा उडी मारली, त्या क्षणी आदळायला किती वेळ उरला होता?

"आणि तो कसा मोजायचा? घड्याळ काढेपर्यंत तर सगळं उरकलेलं असेल."

"घड्याळ नको. तोंडात एक शब्द धरायचा. थोडक्यात."

"हो, थोडक्यातच सांगा."

"सांगतोय ना. थोडक्यात."

"अहो, पण काय?"

"अगं, थोडक्यात हाच शब्द!"

शिपाई सायकलवरून पडायचा बाकी होता, इतका हसला.

पण शब्द पक्का होता. ब्रेक लागला त्या क्षणी मनात सुरू करायचं. थो-डक्-यात. शब्द पुरा व्हायच्या आत ते आदळले असते, तर अंगठा दाबायचा. शब्द पुरा होऊनही वेळ उरला असता, तर ती नुसती वर्दळ. हा शब्द किती वेगाने म्हणायचा हे काकांनी घड्याळाशी लावून बसवलं होतं, आणि धाकटीकडून तो तसाच घोटून घेतला. ती जिना उतरताना म्हणायची, केस विंचरताना म्हणायची. माणसं थोडक्यात वाचतात, असं तुम्ही म्हणता ना? त्या थोडक्यातचीच ही लांबी.

अजून एक नियम. मोजायला कायम दोघं उभी राहणार, दोन खटके घेऊन. मी धाकटीकडे आणि काकांकडे एक प्लॅस्टिकचा, नाजूक आवाजाचा. दोघांनी दाबलं तर प्रसंग धरायचा. एकानेच दाबलं तर बोलायचं, आणि पटलं नाही तर सोडायचा. मला मागे जाता येत नाही, म्हणून सोडलेल्या प्रत्येक दाबासाठी काका फुटपाथच्या कडेला खडूने एक रेघ ओढायचे. संध्याकाळी माझ्या आकड्यातून त्या रेघा वजा. मला त्या रेघांचा फार राग यायचा.

आता वळण.

पुलावरून एक रस्ता उतरतो आणि गॅरेजच्या भिंतीला वळसा घालतो. गाडीवाल्याला उताराची मजा येत असते आणि भिंतीपलीकडचं काही दिसत नसतं. भिंतीपलीकडे एका अंगाला बसथांबा आणि चहाची टपरी. दुसऱ्या अंगाला दुकानांची ओळ, त्यात दवाखाना, झेरॉक्सवाला आणि ताईचं शिवणकाम. मधे ओलांडायचे पांढरे पट्टे, टायरांनी पुसून राखाडी झालेले.

ताई म्हणजे धाकटीची थोरली बहीण. आई गेल्यावर धाकटीला हिनेच वाढवलं. धाकटी अभ्यास करायची ती त्याच शिवणयंत्राच्या खडखडाटात. ताईचा डावा पाय लहानपणापासून जरा आखूड आहे. ती दोऱ्यासाठी, चहासाठी, बससाठी हा रस्ता ओलांडते आणि तिच्या चालीने ओलांडते. हॉर्न वाजवला की ती मुद्दाम आणखी हळू चालते. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

त्या रस्त्यावर नवं डांबर पडणार होतं. डांबर पडतानाच रस्त्याच्या मधोमध एक उंच ओटा बांधून घेता आला असता, म्हणजे अर्धा रस्ता ओलांडून उभं राहायला जागा झाली असती. धाकटीला तो ओटा हवा होता. आत्ता नाही तर पुढे कितीतरी वर्षं नाही, कारण एकदा डांबर पडलं की त्या रस्त्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण ओटा हवा तर जागा यादीत हवी. आणि यादीत यायचं तर कोणीतरी मेलेलं हवं. या वळणावर अजून कोणी मेलं नव्हतं. धाकटीला रात्री एकच विचार झोपू देत नव्हता: या वळणावर मरणारं पहिलं माणूस कोण असेल?

मग कार्यालयाच्या मोठ्या साहेबांचा काकांना फोन आला. "त्या वळणाची पाहणी एकदा थोडक्यात करून टाका हो. म्हणजे विषय मिटला."

काकांनी फोन ठेवला. त्यांचे डोळे चमकत होते. "पोरी, साहेब म्हणाले, थोडक्यात करा."

"साहेब? त्यांना ही रीत माहीत आहे?"

"असणारच. उगाच का साहेब झालेत!"

मला शंका आली होती. पण मला फक्त खट् म्हणता येतं.

उभे राहिलो. दिवसचे दिवस उभे राहिलो. काका गॅरेजच्या भिंतीशी, आम्ही दुकानांच्या बाजूला. बाळाला घेऊन दवाखान्यातून निघालेली आई आणि पुलावरून आलेला टेम्पो. खट्. सुटणाऱ्या बसमागे धावणारे मास्तर. खट्. एकमेकींच्या गळ्यात हात टाकून चाललेल्या दोन मैत्रिणी, त्यातली एक पुढे ओढली गेली, दुसरी मागे. खट्. आणि दर वेळी मागोमाग तेच वाक्य. आई म्हणाली, मास्तर म्हणाले, मैत्रिणी हसत हसत म्हणाल्या: काही झालं नाही. धूळ झटकायची, चप्पल शोधायची, काही झालं नाही म्हणायचं आणि घरी जायचं. घरी गेलं की विसरायचं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी त्याच वेळी दुसरं कोणीतरी.

मी या वाक्याचा वैरी आहे. हे वाक्य माझ्यासमोर कोणी म्हणालं की माझी स्प्रिंग ताठ होते.

ताई दुपारी पायरीवर येऊन बसायची. "धाकटे, गिऱ्हाइकं विचारतात, तुझी बहीण दिवसभर फुटपाथवर उभी राहून करते तरी काय? मी काय सांगू?"

"मोजते म्हणावं."

"काय मोजतेस?"

"न झालेले अपघात."

"वा! मग माझी न आलेली गिऱ्हाइकंही मोज की. पुष्कळ भरतील."

एका दुपारी ताई पलीकडून कापडाचं गाठोडं घेऊन येत होती. अर्ध्यात आली आणि पुलावरून दुधाची गाडी उतरली. ताई थबकली, मागे सरकली, गाठोडं हातातून निसटलं आणि गाडीचं चाक कापडावरून गेलं. धाकटीचा अंगठा माझ्यावर इतक्या जोरात आला की माझी दांडी वाकायचीच बाकी राहिली.

गॅरेजच्या भिंतीशी काका उभे होते. त्यांचा खटक्या गप्प होता. ते रस्ता ओलांडून आले.

"धरायचा," धाकटी म्हणाली.

"नाही धरायचा. गाडीवाल्याने लांबूनच ब्रेक मारला. शब्द पुरा झाला, वर श्वासही झाला. कापड चाकाखाली गेलं म्हणून तुला जवळ वाटलं."

"काका, माझी बहीण आहे ती!"

"म्हणूनच म्हणतोय."

"तुमची असती म्हणजे कळलं असतं."

काका खडू पुढे करून उभे राहिले. धाकटीने डोळे मिटले. सगळा प्रसंग तिने मनात पुन्हा चालवला, हे मला तिच्या अंगठ्यावरून कळत होतं. थो-डक्-यात. पुन्हा एकदा. मग तिने खडू हिसकावून घेतला आणि रेघ स्वतः ओढली. खडूचे दोन तुकडे झाले.

"अगं, काही झालं नाही!" पट्ट्यांवरून ताई ओरडत होती. "नुसतं कापड मळलं."

खट्.

थांबा. हे तेव्हाचं नव्हे, आत्ताचं. झेरॉक्सवाला आलाय, कपाळाचा घाम पुसत.

"टँकर?" ताईने विचारलं.

"टँकरच. ड्रायव्हर कुठे गायब झालाय कुणास ठाऊक."

ताईचं यंत्र थांबलं. तिने दाराबाहेर बघितलं, मग माझ्याकडे. यंत्र पुन्हा सुरू झालं. पण टाके जरा जोरात पडताहेत.

तर, साहेबांची खोली. पंखा, काचेचं टेबल, त्यावर मी.

"झाली पाहणी?"

"झाली, साहेब. थोडक्यात केली," काका अभिमानाने म्हणाले.

"छान. किती वेळ लागला?"

"सहा दिवस."

साहेबांनी चष्मा काढला. "सहा दिवस? अहो, मी थोडक्यात म्हणालो होतो!"

"म्हणून तर सहा दिवस, साहेब. नुसती पाहणी म्हणाला असतात तर अर्ध्या तासात आलो असतो."

काय घोटाळा झालाय हे दोघांनाही कळायला थोडा वेळ लागला. मला आधीच कळला होता, पण माझं कोण ऐकतो? साहेबांनी हसू दाबलं. काकांचा चेहरा पडला. धाकटी मात्र खुर्ची ओढून बसली.

"बरं, मेले किती?" साहेबांनी विचारलं.

"कोणी नाही."

"जखमी?"

"नाही."

"म्हणजे शून्य."

"शून्य नाही." धाकटीने मला साहेबांच्या पुढ्यात सरकवलं. "हे बघा. रेघा वजा करून जे उरतं ते. हे सगळे थोडक्यात वाचले."

"वाचले ना? मग त्यांचं अभिनंदन करा. वाचलेल्यांसाठी ओटे बांधायचे म्हणजे गावभर ओटेच होतील."

"मेलेल्यांना ओट्याचा काय उपयोग, साहेब?"

पंखा फिरत होता. साहेब खुर्चीत मागे रेलले आणि आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या बहिणीचं दुकान त्याच वळणावर आहे. मला कळत नाही असं समजू नका."

"आहे. ती रोज तिथून ओलांडते. तिचा एक प्रसंग आमच्यासमोर घडला."

"बघा! आलं की नाही बाहेर?"

"तो धरलेला नाही."

"म्हणजे?"

"तेवढा जवळचा नव्हता. मी दाबला होता. मीच खोडला."

"खडूची रेघ आहे अजून फुटपाथवर," काका हळूच म्हणाले. मित्रांनो, त्या दिवसापासून मी रेघांवर रागावत नाही.

साहेब वाईट नव्हते. पण त्यांच्या डोक्यात यादी होती आणि यादीत वाचलेल्यांना रकाना नव्हता. "ते असो," ते म्हणाले. "उद्या दुसरीकडे गाड्यांची मोजणी आहे. हे यंत्र शून्यावर आणा." आणि कोणी आणेना, तेव्हा त्यांनी स्वतःच मला उचललं आणि किल्लीला चिमट्यात धरलं.

आयुष्यभर मी ऐकत आलो होतो. दाबलं की खट्, फिरवलं की शून्य. कधी कुरकुर केली नाही. पण त्या आईचं बाळ, ते मास्तर, त्या दोघी मैत्रिणी, सगळे माझ्या पोटात होते. त्यांना पुसायचं? मी चारही चाकं दातांसारखी आवळली. साहेबांनी जोर लावला. मीही लावला.

टक्.

किल्ली त्यांच्या बोटांत राहिली आणि आकडा माझ्याकडे.

"हे... निघालं," साहेब म्हणाले.

"निघालं, साहेब," काकांनी दुजोरा दिला.

"मग भांडारात टाका. बाद."

"बाद करायच्या आधी एकदा तुम्ही दाबून बघा," धाकटी म्हणाली. "वळणावर उभं राहून. शब्द आम्ही शिकवतो."

साहेब चिडले, आणि चिडले म्हणूनच आले. "येतो. आणि तिथे काही होत नाही, हे तुम्हालाच दाखवतो."

दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा सदरा घालून साहेब फुटपाथवर उभे राहिले, हातात मी. धाकटीने त्यांना दोन प्रश्न सांगितले, शब्द म्हणून दाखवला. साहेबांनी तो आधी पुटपुटत, मग जरा मोठ्याने म्हणून बघितला. बसथांब्यावरचे लोक बघायला लागले.

आणि काहीच घडेना. गाड्या शहाण्यासारख्या येत होत्या, माणसं शहाण्यासारखी थांबत होती. साहेबांनी धाकटीकडे बघून भुवया उंचावल्या. मी विचित्र कैचीत सापडलो. जिंकायचं तर कोणाच्या तरी अंगावर गाडी यायला हवी. ते मी मागू? मी मागितलं नाही. धाकटीनेही मागितलं नसणार, तिचा चेहरा मला दिसत होता. हरलो तर हरलो, पण असलं काही मागणार नाही, असं ठरवून मी गप्प बसलो.

धाकटीने ताईला सकाळीच बजावलं होतं, आज दुकानातून हलायचं नाही. पण ताईला कोणी बजावलेलं चालत नाही. साहेब दारात आलेत आणि चहा नाही, हे तिला बघवेना. ती केव्हाच पलीकडे टपरीवर गेली होती आणि आता किटली घेऊन परत येत होती, तिच्या चालीने, पट्ट्यांवरून.

भिंतीआडून मोटरसायकल आली.

थो-डक्

खट्.

'यात' बाकी होतं. मोटरसायकलचं पुढचं चाक ताईच्या साडीला टेकून थांबलं. किटली रस्त्यावर गडगडत गेली. साहेबांचा अंगठा माझ्या दांडीवर तसाच रुतून होता आणि त्याला घाम सुटला होता.

धाकटी धावली. ताईने तिला हातानेच बाजूला केलं, मोटरसायकलवाल्याकडे एक नजर टाकली आणि इकडे येत म्हणाली, "काही झालं नाही, साहेब. तुमचा चहा तेवढा गेला."

"झालं," साहेब म्हणाले.

माझ्या आकड्याकडे बघून ते पुन्हा म्हणाले, "झालं ना हो. हे झालं." मग त्यांनी धाकटीकडे बघितलं. "हा धरायचा?"

"मला विचारू नका. बहीण आहे."

साहेबांनी पलीकडे काकांकडे बघितलं. काकांनी आपला प्लॅस्टिकचा खटक्या उंच धरून दाखवला. त्यांनीही दाबला होता.

डांबराबरोबर ओटा झाला. साहेब अगदी बदलून गेले असं मी सांगणार नाही. जुनी यादी तशीच राहिली. पण तिच्या शेजारी दुसरी यादी आली आणि तिच्या डोक्यावर साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: थोडक्यात. नवीन माणसाला वाटतं, हा कसला तरी सारांश आहे.

ओटा झाल्यावर आम्ही पुन्हा जाऊन उभे राहिलो, तेच दिवस, त्याच वेळा, तीच दोघं. बदल खरंच झाला का, हे बघायची तीच रीत. मला शून्यावर आणता येत नव्हतं, म्हणून मी जिथे होतो तिथून सुरुवात केली. आणि मित्रांनो, मला बोलायलाच मिळेना. तासन् तास गेले. धाकटी जांभया देत होती. काका भिंतीला टेकून चक्क पेंगले. कारखान्यातल्या त्या बाईनंतर माझं झालेलं हे सगळ्यात मोठं कौतुक.

पुढे मला बाद केलंच. शून्यावर येत नाही तो खटक्या कशाला ठेवायचा, असं भांडारातला कारकून म्हणाला. खांबांवर कॅमेरे आले, ते न पेंगता बघतात. त्यांच्याशी माझं वैर नाही. काय बघितलं ते त्यांनाही कुणीतरी विचारायला हवं, एवढंच. काका निवृत्त झाले. धाकटीने मला भांडारातून मागून आणलं आणि ताईच्या दारात टांगलं. ताईने गिऱ्हाइकांना नियम सांगितला. या वळणावर थोडक्यात वाचलात तर घरी जाऊन विसरायचं नाही, आत यायचं, दाबायचं, कुठे ते सांगायचं आणि मग जायचं. एका दिवसात तिसरा खट् झाला की ताई उठते.

आता शेवट. शेवटी मी तुम्हाला विनवायचं असतं. मला जपा, तेल घाला, अडगळीत टाकू नका. मी असलं काही म्हणणार नाही. मला गंज चढला तर चढू दे. पण तुम्ही थोडक्यात वाचलात, तर 'काही झालं नाही' म्हणून

खट्.

मास्तर आहेत. तेच बसमागे धावणारे, आता केस पांढरे झालेले. दाबलं मात्र अगदी नीट.

ताई उठली. गळ्यात फीत, हातात कात्री तशीच. आधी फोन लावला. "धाकटे, ये. हो, आत्ता. टँकर." मग पायरी उतरली आणि तिच्या चालीने जाऊन मधल्या ओट्यावर उभी राहिली. दोन्ही बाजूंनी गाड्या जाताहेत. ती बघतेय टँकरकडे. ड्रायव्हर टपरीवरून चहाचा पेला घेऊनच पळत आला.

"काय मावशी, एवढं काय? पाचच मिनिटं लावलाय. काही झालं का?"

ताईने कात्रीचं टोक दुकानाच्या दाराकडे केलं. माझ्याकडे.

"त्याला विचार."

ड्रायव्हर माझ्याकडे बघतोय. चार खिडक्या, चार आकडे, किल्लीच्या जागी भोक. त्याला काय कळलं ते मला माहीत नाही. पण त्याने पेला रिकामा केला, तो वर चढला, टँकर गुरगुरला आणि हलला. भिंतीपलीकडचा रस्ता पुन्हा दिसायला लागला.

ताई अजून ओट्यावरच उभी आहे. मी गप्प आहे. आज इथून पुढे गप्पच राहायचा माझा बेत आहे. बघू, मला बोलायला लावायची कुणाची हिंमत होते.